शाई भरायची कुणी? घरच्या प्रिंटरमधल्या कार्ट्रिजचा इतिहास

आज आपण एका फार छोट्या वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी, आत शाई. घरच्या प्रिंटरमधलं कार्ट्रिज. मुलाचा प्रोजेक्ट उद्या द्यायचा असतो, नाहीतर कुठल्याशा अर्जाला आधारची प्रत जोडायची असते, आणि नेमकी त्याच वेळी सूचना येते की शाई संपली. मग आपण झाकण उघडतो, जुनं कार्ट्रिज काढतो, नव्यावरची पट्टी सोलतो आणि 'टक्' आवाज येईपर्यंत ते आत दाबतो. पाच मिनिटांचं काम. पण दुकानात किंमत ऐकली की माणूस दचकतो. स्वस्तातला प्रिंटर असेल तर दोन-तीन वेळच्या शाईच्या पैशात जवळजवळ नवा प्रिंटर येतो.

हे असं का झालं? कंपन्या लबाड आहेत, एवढं म्हणून विषय संपवता येईल. पण इतिहास पाहिला की गोष्ट थोडी निराळी दिसते. कार्ट्रिजचा जन्म लबाडीतून झालेला नाही. तो एका खऱ्या अडचणीवर काढलेला शहाणा उपाय होता. पुढे त्याच उपायाचं कुलूप झालं. आणि ते कुलूप उघडायला न्यायालयांइतकेच, कदाचित थोडे जास्तच, हातात सिरिंज घेतलेले साधे लोक कामी आले. हा प्रवास आज आपण पाहू.

सुरुवात दौतीपासून करू. बोरूनं मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला शाई ही घरात किंवा दफ्तरात तयार होणारी वस्तू होती. काजळी, डिंक, पाणी आणि भरपूर घोटणं. पुढे टाक आला, मग फाउंटन पेन आलं. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. 'हॉर्स ब्रँड' हे तिचं नाव, आणि तीच कंपनी पुढे कॅम्लिन म्हणून घराघरांत पोचली. पूड आणायची, पाण्यात कालवायची, दौत भरायची. पेन एका कंपनीचं, शाई दुसऱ्या कंपनीची, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पेन तुमचं, तेव्हा त्यात काय भरायचं ते तुम्ही ठरवायचं. हे इतकं उघड होतं की हा एक हक्क आहे असंही कुणाच्या मनात आलं नसेल.

आता यंत्राकडे वळू. कागदाला न शिवता त्यावर शाई उडवायची, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १८६७ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी समुद्राखालच्या तारायंत्रासाठी 'सायफन रेकॉर्डर' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लांबच्या तारेतून येणारा विजेचा संदेश इतका क्षीण असे की त्यानं लेखणी हलवणं अवघड. लेखणी कागदावर घासली तर हालचालच थांबायची. म्हणून केसासारख्या बारीक काचनळीतून, विजेचा भार देऊन, शाई कागदी फितीवर उडवायची. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेनं लंडनशी जोडली गेली. असल्या लांब पल्ल्याच्या तारांसाठीच हे यंत्र होतं. १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी द्रवाची धार तुटून तिचे थेंब कसे होतात याचं गणित मांडलं. १९५१ साली रूने एल्मक्विस्ट या स्वीडिश संशोधकाला शाईची धार उडवून आलेख काढणाऱ्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट मिळालं. सीमेन्सनं ते हृदयाचे आलेख काढायला वापरलं. या एल्मक्विस्ट यांची दुसरी ओळख मोठी आहे. १९५८ साली माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर त्यांनीच तयार केला होता.

पण ही सगळी यंत्रं प्रयोगशाळेतली, इस्पितळातली, कचेरीतली. घरात ती येणार कशी? कचेऱ्यांमध्ये तेव्हा ठोकणारे प्रिंटर होते. बँकेत पासबुक भरताना जो कर्कश आवाज येतो ना, तो डॉट मॅट्रिक्सचा. बारीक पिना शाईच्या रिबनवर आपटतात आणि कागदावर ठिपके उमटतात. मजबूत यंत्र, पण घरात रात्री चालवलं तर शेजारी दार वाजवेल.

इथे १९७७ चा ऑगस्ट महिना महत्त्वाचा. जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्दो काम करत होते. डाख द्यायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकलं. टेकताक्षणी सुईच्या टोकातून शाईची चिळकांडी उडाली. दुसरा कोणी असता तर त्यानं टेबल पुसलं असतं. एन्दोंच्या लक्षात आलं की उष्णतेनं शाईत बुडबुडा झाला आणि त्या बुडबुड्यानं शाई बाहेर ढकलली. म्हणजे शाई उडवायला पंप नको, हलणारा भाग नको, नुसती क्षणभराची उष्णता पुरे. जवळपास त्याच सुमाराला, १९७८-७९ च्या आसपास, अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपीच्या प्रयोगशाळेत जॉन वॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोचले. दोन खंड, दोन कंपन्या, बुडबुडा एकच. या सिरिंजची आठवण ठेवा, ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कल्पना सुंदर, पण तिच्यात एक खोट होती. शाई उडवणाऱ्या भागाला प्रिंटहेड म्हणतात. त्यात सूक्ष्म छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रापाशी एक चिमुकला तापक. तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, बुडबुडा फुगतो, थेंब उडतो, बुडबुडा बसतो. हे सेकंदाला हजारो वेळा. आता दूध जसं पातेल्याच्या बुडाला लागतं, तशी शाई त्या तापकावर करपून बसते. तंत्रज्ञांनी या करपण्याला जे नाव दिलं तेही जपानी 'कोगे' या शब्दावरूनच, आणि कोगे म्हणजे करपलेलं. शिवाय बसणाऱ्या बुडबुड्याचे तडाखे तापकावर पडतात ते वेगळेच. छिद्रांत शाई वाळते, हवा शिरते. थोडक्यात, हे डोकं फार काळ टिकणारं नव्हतं. ग्राहकानं दर काही महिन्यांनी प्रिंटर दुरुस्तीला न्यायचा का? तसा प्रिंटर घरात कोण घेईल?

एचपीच्या अभियंत्यांनी प्रश्नच उलटा केला. डोकं वर्षानुवर्षं टिकवायचा हट्ट कशाला? ते इतकं स्वस्त बनवू की शाई संपली की शाईबरोबर तेही बदललं जाईल. मग तापकाला त्या एका डबीपुरतं टिकलं तरी चाललं. १९८४ साली थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आला, किंमत ४९५ डॉलर. त्याच्या कार्ट्रिजमध्ये शाई आणि बारा छिद्रांचं डोकं एकत्र होतं. संपलं की काढा, नवं बसवा. मेकॅनिक नको, हात काळे व्हायला नकोत. १९८५ मध्ये कॅननचा पहिला बबल जेट प्रिंटर आला. १९८८ मध्ये एचपीचा डेस्कजेट आला, इंचाला तीनशे ठिपक्यांची सुबक छपाई आणि किंमत ९९५ डॉलर. इथून प्रिंटर कचेरीतून घराकडे निघाला.

म्हणजे बघा, कार्ट्रिज आलं ते वापरणाऱ्याची सुटका करायला. आजही शाई-डोकं एकत्र असलेल्या प्रिंटरमध्ये कार्ट्रिज बदललं की छपाई एकदम नव्यासारखी होते, त्याचं कारण हेच. शाई बदलताना आपण नकळत यंत्राचा मुख्य भागच बदलत असतो.

एप्सननं मात्र दुसरी वाट धरली. त्यांनी उष्णता वापरलीच नाही. विजेचा दाब दिला की किंचित वाकणारे पिझो स्फटिक वापरून त्यांनी शाई ढकलली. तिथे काही करपत नाही, म्हणून डोकं टिकाऊ आणि ते प्रिंटरमध्येच कायमचं बसवलेलं. १९९३ च्या स्टायलस ८०० पासून हे तंत्र घराघरांत गेलं. अशा प्रिंटरचं कार्ट्रिज म्हणजे निव्वळ शाईची टाकी. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. डोकं वेगळं झाल्यावर, कार्ट्रिज फेकून देण्याचं जे मूळ तांत्रिक कारण होतं, ते उरलंच नाही. तरीही कार्ट्रिज फेकलं जातच राहिलं. इथून आपली गोष्ट प्रयोगशाळेतून हिशेबाच्या वहीत शिरते.

त्याआधी ती पट्टी सोलण्याबद्दल दोन शब्द, कारण बरेचजण इथेच घोटाळा करतात. कार्ट्रिजमधली शाई नुसती भरलेली नसते, ती धरून ठेवलेली असते. आत बहुधा स्पंज असतो. तो शाईला किंचित मागे ओढून धरतो, नाहीतर खालच्या छिद्रांतून ती टपटप गळली असती. शाई जसजशी खर्च होते तसतशी तेवढी हवा वरून आत यावी लागते. काही कार्ट्रिजांवरची पट्टी या हवेच्या वाटेवर असते, काहींवर ती छिद्रांवर आणि तांब्याच्या संपर्कबिंदूंवर असते. ती सोलली नाही तर शाई आत असून बाहेर येत नाही. म्हणून कंपनीनं सांगितलेलीच पट्टी पूर्ण सोलायची, छिद्रांना आणि तांब्याला बोट लावायचं नाही, आणि जुनं कार्ट्रिज काढून जागा फार वेळ मोकळी ठेवायची नाही. एका मिलिलिटर शाईत किती थेंब असतात ते पाहिलं की ही काळजी पटते. चार पिकोलिटरचा एक थेंब धरला तर एका मिलिलिटरमध्ये पंचवीस कोटी थेंब. एवढ्या बारीक कामात बोटाचा तेलकट ठसा किंवा वाळलेला एक कणही पुरतो.

आता हिशेबाची वही. प्रिंटर स्वस्त विकायचा आणि नफा शाईवर काढायचा, या धोरणाची तुलना नेहमी जिलेटच्या दाढीच्या पात्यांशी करतात. जिलेटनं खोरं जवळजवळ फुकट दिलं आणि पात्यांवर पैसा केला, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात १९०४ चं पेटंट हाती असेपर्यंत जिलेटचं खोरं चांगलं पाच डॉलरला, म्हणजे त्या काळी महाग, विकलं जात होतं. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, स्पर्धक आले, तेव्हा स्वस्त खोरी आली. यातून आपल्याला शिकायचं ते असं, की मुख्य वस्तू स्वस्त देणं परवडतं ते पाती दुसऱ्या कुणाला विकता येणार नाहीत याची खात्री असेल तेव्हाच. ती खात्री नसेल तर स्वस्त खोरं आपलं आणि पाती शेजाऱ्याची.

उलट प्रयोगही झाला. २००७ साली कोडॅकनं प्रिंटर थोडे महाग आणि शाई स्वस्त असा डाव मांडला. काळं कार्ट्रिज ९.९९ डॉलर, रंगीत १४.९९. कागदावर ग्राहकाचा फायदाच होता. पण माणूस दुकानात शिरतो तेव्हा समोरच्या खोक्यावरची किंमत बघतो. दोन वर्षांत किती पानं छापू याचा हिशेब कोण करतो? कोडॅकच्या मागे इतर व्यापही होतेच. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी घरगुती प्रिंटरची विक्री बंद करण्याचं जाहीर केलं. तेव्हा सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारताना, स्वस्त खोका उचलणारा हात आपलाही असतो, हे विसरू नये.

मग ती खात्री मिळवायची कशी? तर चिप. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कार्ट्रिजवर छोट्या चिपा दिसू लागल्या. चिप दोन कामं करते. एक सोयीचं : किती शाई उरली त्याचा अंदाज देते. दुसरं कुलपाचं : हे कार्ट्रिज आमचंच का, आणि एकदा संपलेलं पुन्हा भरलंय का, ते प्रिंटरला सांगते. दौतीनं कधी टाकाला विचारलं नव्हतं की तू कुणाच्या घरचा.

भांडण न्यायालयात गेलं. लेक्समार्क या अमेरिकन कंपनीनं २००२ च्या अखेरीस स्टॅटिक कंट्रोल या कंपनीवर दावा लावला. प्रकरण लेसर प्रिंटरच्या टोनरचं, म्हणजे शाईच्या पुडीचं होतं, पण तत्त्व तेच. स्टॅटिक कंट्रोल अशा चिपा बनवत होती ज्यांमुळे पुन्हा भरलेलं कार्ट्रिज चालायचं. लेक्समार्कनं आधार घेतला तो १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा. गाणी-सिनेमांची चोरी थांबवायला केलेला कायदा टोनरच्या डबीला लावायचा होता. २००४ साली अपील न्यायालयानं तो डाव मान्य केला नाही. पुढे इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या कंपनीविरुद्धचा लेक्समार्कचा पेटंटचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० मे २०१७ ला निकाल लागला : वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, विक्री अमेरिकेत झालेली असो की परदेशात. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचं उदाहरण घेतलं. गाडीच्या प्रत्येक सुट्या भागाच्या पेटंटधारकाला गाडी विकल्यावरही हक्क सांगता आला, तर असं गॅरेज चालणारच नाही.

कायद्यानं दार उघडलं, पण कुलूप तंत्रात होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी, आधी आलेल्या एका अपडेटमुळे, काल चालणारी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजं आज अचानक नाकारली. ओरड झाली, कंपनीनं माफी मागितली, आणि हवं त्याला हे बंधन काढायची सोय दिली. पण धोरण पूर्ण सुटलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा-नियामकानं या मर्यादा ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल एचपीला एक कोटी युरोचा दंड केला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं असं, की शाई म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही. तिचा घट्टपणा, वाळण्याचा वेग, करपण्याचं प्रमाण हे डोक्याशी जुळवलेलं असतं. भलती शाई घातली तर डोकं तुंबतं आणि शिव्या कंपनीला पडतात. यात तथ्य आहे. मात्र 'भलती शाई घातलीत तर जबाबदारी तुमची' असं सांगणं वेगळं आणि 'घालूच देणार नाही' हे वेगळं. पहिली सूचना आहे, दुसरी मालकी आहे.

आता सिरिंजकडे परत येऊ. हा झगडा अमेरिकेत वकील लढत होते, तेव्हा आपल्याकडे तो टेबल मांडून लढला जात होता. मुंबईतला लॅमिंग्टन रोड घ्या, नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान घ्या. 'कार्ट्रिज रिफिल करून मिळेल' अशी पाटी, शाईच्या बाटल्या, आणि हातात इंजेक्शनची सिरिंज. स्टिकर उचलायचा, खालच्या छिद्रातून सुई स्पंजमध्ये घालायची, सावकाश शाई सोडायची, टिपून घ्यायची. एन्दोंच्या टेबलावर जे उपकरण होतं तेच इथे कार्ट्रिजला पुन्हा जिवंत करत होतं. ज्यांची छपाई जास्त, त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. प्रिंटरच्या बाजूला बाटल्या ठेवून त्यातून नळ्या थेट आत नेल्या. कधी गळायचं, कधी हवा शिरायची, हमी तर केव्हाच गेलेली. पण चालायचं.

हे फक्त भारतात नव्हतं. इंडोनेशियात अशा नळ्या जोडलेल्या प्रिंटरांचा मोठा बाजार होता. एप्सननं तो पाहिला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला. प्रिंटर महाग, पण शाई बाटलीतून स्वतः ओतायची आणि ती कितीतरी स्वस्त. तो चालला. मग भारतात आला, २०१५ मध्ये अमेरिकेतही गेला. कॅनन आणि एचपी यांनीही टाकीचे प्रिंटर आणले. इतिहासात नवं तंत्र बहुधा श्रीमंत देशांतून आपल्याकडे येतं. इथे उलट झालं. खिशाला परवडत नाही म्हणून लोकांनी जुगाड केला, आणि कंपनीला तो आपल्या कॅटलॉगात घ्यावा लागला.

म्हणून प्रत्येकानं टाकीचाच प्रिंटर घ्यावा असं आम्ही म्हणत नाही. महिन्याला पाच-दहा पानं छापणाऱ्या घरात शाई वापरण्याआधी वाळते. तिथे शाई आणि डोकं एकत्र बदलता येणारं जुनं कार्ट्रिज अजूनही शहाणपणाचं ठरू शकतं, थिंकजेटच्या काळात होतं तसंच. मात्र विकत घेताना दोन प्रश्न विचारावेत. याचं डोकं कुठे आहे, कार्ट्रिजमध्ये की प्रिंटरमध्ये? आणि यात दुसऱ्याची शाई किंवा भरलेलं कार्ट्रिज चालतं का? आणि जुनं कार्ट्रिज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजांचाही स्पष्ट उल्लेख आहे, ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावं.

२०२२ साली भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीच्या हक्का'चा आराखडा करायला समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या हे तिचे विषय. उद्या ट्रॅक्टरचा सुटा भाग कुणी बसवायचा हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहील, तेव्हा शाईच्या डबीवरची ही चाळीस वर्षांची भांडणं उपयोगी पडतील. आपल्या पैशानं घेतलेल्या वस्तूत काय भरायचं, हे ठरवण्याचा हक्क कुणी एका दिवसात काढून घेत नाही. तो आधी सोय म्हणून आपणच देतो, आणि परत मागायला मग वकील लागतात, नाहीतर सिरिंज.